आयर्लंडांतील दलदलीचें जळण व त्यावरील निर्बंध

घरांत चूल पेटवावयाची म्हणजे जळण पाहिजे, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. कोठें रानांतील लांकूड, कोठें गोवऱ्या, कोठें कोळसा व हल्लीं बहुतेक घरीं गॅस, असे जळणाचे प्रकार आपण पाहतों. परंतु पायांखालची जमीनच कापून, ती वाळवून चुलींत घालणारे लोकही या जगांत आहेत, हें ऐकून आमच्या कित्येक विद्यार्थिमित्रांस नवल वाटेल. हे लोक म्हणजे आयर्लंड देशांतील शेतकरी होत. ते जी जमीन कापतात ती दलदलीची असते; तिच्या कापून वाळविलेल्या विटांस टर्फ म्हणतात, आणि ज्या द्रव्याच्या त्या विटा असतात त्यास पीट असें नांव आहे. गेलीं कित्येक वर्षें या टर्फवरून तेथील सरकार, युरोपीय संघ आणि खेड्यांतील कुटुंबें यांच्यामध्यें वाद चालत आला आहे. त्या वादाची हकीकत आम्ही येथें देत आहों.

पीट कसें होतें तें प्रथम पाहूं. सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं हिमयुग संपून आयर्लंडावरील बर्फ वितळलें, तेव्हां देशाच्या मध्यभागीं सखल प्रदेशांत उथळ तळीं मागें राहिलीं. त्यांच्या कांठीं लव्हाळे वाढले, मेले व तळाशीं सांचले. पाण्याखालीं हवा पोंचत नसल्यामुळें ते पुरते कुजले नाहींत. थरावर थर बसून तळें हळूहळू भरून आलें. मग त्या थरांवर स्फॅग्नम नांवाची शेवाळासारखी एक वनस्पति पसरली. ही वनस्पति मोठी विलक्षण आहे. ती आपल्या वाळल्या वजनाच्या वीसपट पाणी अंगांत धरून ठेवूं शकते. पहिल्या महायुद्धांत जखमांवर बांधण्यासाठीं कापसाच्या ऐवजीं तिचा उपयोग केला होता, तो याच गुणामुळें. शिवाय ती भोंवतालचें पाणी आंबट करते. अशा थंड, आंबट व निर्वात पाण्यांत मेलेलें पान कुजत नाहीं. वरून स्फॅग्नम वाढत राहतें, खालून मरत जातें, आणि मेलेल्या भागाचें पीट होतें. असें होतां होतां मधली जमीन भोंवतालच्या शेतांपेक्षां वर फुगून येते. तिला आपण उंच दलदल म्हणूं. पश्चिमेकडील डोंगरांवर, जेथें पाऊस फार, तेथें पीटाचा थर घोंगडीसारखा सर्वत्र पसरलेला असतो. ती पसरट दलदल होय. या लेखांत मुख्यतः उंच दलदलीविषयीं सांगावयाचें आहे.

या उंच दलदलीस पाणी मिळतें तें केवळ पावसाचें. तिच्या अंगांत दहांतील नऊ भागांहून अधिक पाणीच असतें. दुधांत जितका घन अंश असतो तितकाही तिच्यांत नसतो, आणि तरी तिच्यावरून माणूस जपून चालूं शकतो! पावसाच्या पाण्यांत पोषक क्षार जवळजवळ नसल्यामुळें तेथील कांहीं झाडें किडे खाऊन आपली उणीव भरून काढतात. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर ज्यांनीं चिकट थेंबांनीं चमकणारी ड्रॉसेरा ही किडेखाऊ वनस्पति पाहिली असेल, त्यांस सांगतों कीं, तिचीच भावंडें आयर्लंडच्या दलदलींत आहेत. पीटाचे लहान थर आपल्या देशांतही, निलगिरीच्या उंच खोऱ्यांत सांपडतात. प्राचीन काळचें हवामान कसें होतें हें शोधण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं ते तपासले आहेत.

आतां एक हिशेब ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व वाद त्यावर उभा आहे. पीट वर्षास सुमारें एक मिलिमीटर वाढतें. म्हणजे एक मीटर जाडीचा थर तयार होण्यास हजार वर्षें लागतात. फावडें घेऊन एक मीटर खोल उतरलेला मनुष्य एका दिवसांत हजार वर्षें खालीं गेलेला असतो.

हें केवळ अलंकारिक बोलणें नव्हे. लाँगफर्ड परगण्यांत कॉर्ली येथें 1984 सालीं पीट काढीत असतां ओकच्या फळ्यांचा एक रुंद रस्ता जमिनींत सांपडला. त्या लांकडांतील वर्तुळें मोजून शास्त्रज्ञांनीं ठरविलें कीं, तीं झाडें ख्रिस्तपूर्व 148 या वर्षीं तोडलेलीं होतीं. एवढ्या मेहनतीनें बांधलेला तो रस्ता स्वतःच्याच भारानें थोड्याच वर्षांत दलदलींत बुडाला, आणि बुडाला म्हणूनच टिकला. लोण्याचे गोळे भरलेलीं लांकडी भांडीं तर अनेक ठिकाणीं निघालीं आहेत. 2003 सालीं मीथ व ऑफली या परगण्यांत दोन हजार वर्षांपूर्वींचीं मानवी शरीरें कातडी व केंसांसह सांपडलीं. 2006 च्या जुलै महिन्यांत टिपरेरी परगण्यांत फॅडन मोर या दलदलींत यंत्र चालविणाऱ्या एका मनुष्यास चिखलांत एक पुस्तक दिसलें. तें स्तोत्रसंहितेचें लॅटिन हस्तलिखित निघालें, सुमारें इसवी सन 800 मधील! चामड्याच्या वेष्टनासह बाराशें वर्षें तें तेथें पडून होतें. त्या यंत्रवाल्यानें तें ओल्या पीटानें झांकून ठेवण्याची समयसूचकता दाखविली नसती, तर वारा लागून त्याचा नाश झाला असता. आज तें डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

अशा या जमिनीचें जळण लोक कां करूं लागले, असा प्रश्न सहज मनांत येतो. याचें उत्तर दारिद्र्यांत व देशाच्या रचनेंत आहे. आयर्लंडांत कोळशाच्या खाणी थोड्या व लहान. रानें शतकानुशतकें तोडलीं गेल्यामुळें विसाव्या शतकाच्या आरंभीं देशाच्या सुमारें एक टक्का भूमीवरच काय तीं झाडी उरली होती. उलट दलदल मात्र देशाच्या जवळजवळ सहाव्या हिश्शावर पसरलेली. तेव्हां गरिबाच्या दाराशीं जें होतें तेंच त्यानें चुलींत घातलें. एप्रिल-मे महिन्यांत घरचे पुरुष दलदलीवर जात. त्यांच्या हातीं स्लेन नांवाचें लांब दांड्याचें व अरुंद पात्याचें फावडें असे. त्या पात्यास एका बाजूस काटकोनांत लहानसें दुसरें पातें जोडलेलें असतें, त्यामुळें एका दाबांत विटेच्या दोन बाजू कापल्या जातात. एकानें कापावें, दुसऱ्यानें ती ओली वीट झेलावी, तिसऱ्यानें ती पसरावी. थोडी सुकल्यावर पांच-सहा विटा एकमेकींस टेकून उभ्या करावयाच्या, म्हणजे त्यांच्यामधून वारा खेळतो. हें काम बायका व मुलें करीत, आणि पाठीचा कणा मोडून टाकणारें तें काम असे. मग गाढवाच्या पाठीवरील टोपल्यांतून टर्फ घरीं आणून घराच्या कडेस त्याची गंज रचावयाची. वर्षाचें जळण तें! पूर्वीं खेड्यांतील शाळांत हिवाळ्याच्या दिवसांत प्रत्येक मुलानें वर्गांतील शेगडीसाठीं बगलेंत एक टर्फची वीट घेऊन यावें, अशी रीत होती. दप्तर विसरलें तर शिक्षा होई, त्याप्रमाणें वीट विसरणाऱ्यास शेगडीपासून दूर बसावें लागलें असल्यास आम्हांस आश्चर्य वाटणार नाहीं.

टर्फ कापण्याचा हक्क ही आयर्लंडांत एक स्वतंत्र मालमत्ताच आहे. दलदलीची जमीन एकाची व तींतून घरापुरतें जळण काढण्याचा हक्क दुसऱ्याचा, असें असूं शकतें. आणि हा हक्क घराबरोबर व शेताबरोबर बापाकडून मुलाकडे येतो. जमीनदारांच्या जमिनी विकत घेऊन कुळांस वांटून देण्यांत आल्या, तेव्हां शेताबरोबर दलदलीचा एक पट्टाही पुष्कळांस मिळाला. आपल्याकडे रानालगतच्या गांवांस सरपण व चराईचे जे जुने हक्क होते, त्यांशीं याची तुलना करतां येईल. ज्या हक्कासाठीं आजा-पणजा खंड देत होता, तो आपल्या मालकीचा झाला, ही भावना त्या लोकांत किती खोल असेल याची कल्पना शेतकऱ्याच्या घरांतील वाचकांस देण्याची गरज नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडकडून येणारा कोळसा आटला, तेव्हां सर्व देश टर्फवर जगला. डब्लिनच्या फीनिक्स पार्क या विस्तीर्ण उद्यानांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंस टर्फच्या टेकड्या रचल्या होत्या. पुढें 1946 सालीं सरकारनें बोर्ड ना मोना ही संस्था कायद्यानें स्थापिली. तिनें मोठमोठ्या दलदली यंत्रांनीं उकरल्या व त्या पीटावर विजेचीं केंद्रें चाललीं. खेड्यापाड्यांत नोकऱ्या आल्या, दिवे आले. सरकारी कारखाना जितकें पीट खाई, तितकें शेतकऱ्यांचीं फावडीं कधींही खाऊं शकलीं नसतीं. हें आम्ही मुद्दाम नमूद करतों, कारण पुढें शेतकऱ्यांनीं सरकारास हाच प्रश्न विचारला.

परंतु शेतकऱ्याचें फावडेंही फावडें राहिलें नाहीं. 1980 च्या सुमारास ट्रॅक्टरला जोडण्याचीं यंत्रें आलीं. चकलीच्या सोऱ्यांतून पीठ दाबून काढावें, त्याप्रमाणें हीं यंत्रें जमिनीच्या पोटांतील पीट ओढून त्याच्या लांब दोऱ्या वर पसरतात. एका कुटुंबास लागणारें वर्षाचें टर्फ कांहीं तासांत पडतें. त्यामुळें 'घरापुरतें' या शब्दाचा अर्थ पुष्कळ ठिकाणीं सैल झाला.

आणि खरी अडचण कापलेल्या विटांची नाहींच, ती पाण्याची आहे. दलदलीच्या कांठावर टर्फ कापावयाचें तर आधीं चर खणून पाणी काढून द्यावें लागतें. कांठ कापला कीं मधलें पाणीही हळूहळू त्या बाजूस झिरपूं लागतें. पाणी गेलें कीं पीट आकसतें व खचतें. स्फॅग्नमला पाणी अगदीं पृष्ठभागापाशीं लागतें. तें एखादा वीत खालीं गेलें तरी त्याची वाढ थांबते, आणि दलदल वरून तशीच दिसत असूनही आंतून मेलेली असते. ऑफली परगण्यांतील क्लारा या दलदलीचें उदाहरण यासंबंधीं प्रसिद्ध आहे. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं तिच्यामधून एक रस्ता नेला, त्याच्या चरांमुळें दोन्ही बाजूंची जमीन कित्येक मीटर खालीं बसली. फावडें एका कोपऱ्यांत चाललें तरी त्याचा परिणाम दूरवर पोंचतो, हें तेथें आयरिश व डच शास्त्रज्ञांनीं मोजून दाखविलें. डच लोक यांत कसे आले? त्यांनीं आपल्या देशांतील उंच दलदली जवळजवळ सर्वच जाळून संपविल्या होत्या. म्हणून 1980 नंतरच्या दशकांत त्यांच्यापैकीं कांहीं निसर्गप्रेमी लोकांनीं वर्गणी जमवून आयर्लंडांतील दलदली विकत घेतल्या व त्या आयरिश राष्ट्रास भेट दिल्या. शेजाऱ्यानें आपलें जळालेलें घर दाखवून सावध करावें, तसाच हा प्रकार झाला.

आतां कायद्याकडे वळूं. आयर्लंडांत एके काळीं तीन लक्ष हेक्टरांहून अधिक भूमीवर उंच दलदली होत्या. त्यांतील जिवंत, म्हणजे अजून पीट तयार करीत असलेला भाग एक टक्काही उरलेला नाहीं. 1992 सालीं युरोपीय संघानें वन्य प्राणी, वनस्पति व त्यांचीं निवासस्थानें यांच्या रक्षणाचा एक निर्देश काढला. जिवंत उंच दलदल ही त्यांत अग्रक्रमानें रक्षावयाच्या स्थानांत गणली आहे. आयर्लंड हा संघाचा सभासद असल्यामुळें त्यास तो पाळणें भाग होतें. त्यानुसार पुढील दहा वर्षांत 53 उंच दलदली संरक्षित म्हणून ठरविल्या गेल्या. अशा दलदलीवर मंत्र्यांच्या संमतीवांचून टर्फ कापणें हा अपराध आहे. पसरट दलदलींवर मात्र घरगुती तोड अशी सरसकट बंद केलेली नाहीं. आणि ज्या दलदलींस संरक्षण नाहीं तेथें हक्कदार आपल्या घरासाठीं आजही टर्फ कापतात. वर्तमानपत्रांत कधीं कधीं 'आयर्लंडांत टर्फला बंदी' असे मथळे येतात, ते वाचतांना हा भेद ध्यानांत ठेवावा.

नियम झाला, पण अंमल झाला नाहीं. 1999 सालीं सरकारनें घरगुती तोड करणाऱ्यांस दहा वर्षांची सवलत दिली. आमच्या मतें या प्रकरणांतील सर्वांत मोठी चूक येथेंच घडली. दहा वर्षें हातीं असतां लोकांस दुसरी दलदल शोधून द्यावयाची, घरें उबदार करण्यास मदत करावयाची, निदान त्यांच्या ओट्यावर बसून त्यांस समजावयाचें. यांपैकीं फारसें कांहीं झालें नाहीं. तोड चालूच राहिली, दलदल आटतच गेली, आणि लोकांस वाटलें कीं सवलत म्हणजेच कायमची परवानगी. मग 2010 सालीं 31 दलदलींवर ती एकदम संपली असें सांगण्यांत आलें व पाठोपाठ उरलेल्या 22 दलदलींची पाळी आली. खेड्यांत संतापाची लाट उसळली. टर्फ कापणाऱ्यांनीं आपली संघटना केली. तिचे एक पुढारी ल्यूक फ्लॅनॅगन 2011 सालीं आयर्लंडच्या लोकसभेवर व 2014 सालीं युरोपीय पार्लमेंटवर निवडून गेले. 2012 च्या जून महिन्यांत गॉलवे परगण्यांतील क्लॉनमॉयलन येथें पोलीस व टर्फ कापणारे दलदलीवर समोरासमोर उभे ठाकले.

त्यांचें म्हणणें काय होतें? सरकारी यंत्रांनीं हजारों हेक्टर दलदल उकरली तेव्हां कोणी बोललें नाहीं, आणि आमचा बापजाद्यांचा पट्टा मात्र अपराध ठरतो, हा कोणता न्याय? हा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. परंतु त्यावर उत्तरही आहे. नव्याण्णव भाग दुसऱ्यानें खाल्ले म्हणून उरलेला शंभरावा भाग खाण्याचा हक्क उत्पन्न होत नाहीं; कारण तो गेला तर पुन्हां मिळविण्यास हजारों वर्षें पाहिजेत. न्याय एवढाच मागतां येतो कीं, त्या शंभराव्या भागाची किंमत एकट्या गरिबाच्या चुलीवर बसूं नये.

यासाठीं 2011 पासून भरपाईची योजना सुरू झाली. प्रथम वर्षास 1,000 युरो ठरले, पुढें ते 1,500 झाले व महागाईप्रमाणें वाढतील असें ठरलें. मुदत पंधरा वर्षांची. करारावर सही करणाऱ्यास 500 युरो एकदां अधिक. ज्यांस पैसा नको त्यांस संरक्षण नसलेल्या दुसऱ्या दलदलीवर जागा द्यावी, व ती मिळेपर्यंत वर्षास 15 टन टर्फ सरकारनें घरपोंच द्यावें. 2012 च्या वसंत ऋतूंत न्यायमूर्ति जॉन क्वर्क यांच्या अध्यक्षतेखालीं सर्व पक्षांची परिषद भरली, तींतून कित्येक गोष्टी निवळल्या. अनेक कुटुंबांनीं भरपाई घेतली, कांहीं दुसऱ्या दलदलीवर गेलीं. पण कांहीं संरक्षित दलदलींवर तोड चालूच राहिली. अखेर 2024 च्या मार्च महिन्यांत युरोपीय आयोगानें, दलदलींचें पुरेसें रक्षण होत नाहीं म्हणून, आयर्लंडास युरोपीय न्यायालयांत खेंचण्याचा निर्णय जाहीर केला.

दुसरा निर्बंध धुराचा आहे. 31 ऑक्टोबर 2022 पासून दुकानांत, सार्वजनिक जागीं किंवा इंटरनेटवर टर्फ विकण्यास मनाई झाली. ती दलदलीसाठीं नसून फुप्फुसांसाठीं आहे. टर्फच्या धुरांतील सूक्ष्म कण श्वासावाटे आंत जातात. चुलीच्या धुरानें डोळे पुसणाऱ्या आपल्या आजीस हें शास्त्र सांगण्याची गरज पडली नसती. या नियमांत हक्कदारास स्वतःचें टर्फ जाळण्याची मोकळीक मात्र ठेवली आहे. पहिला मसुदा याहून कडक होता; खेड्यांतून ओरड झाली, तेव्हां तो सौम्य करण्यांत आला.

सरकारी यंत्रांचें काय झालें, तेंही सांगितलें पाहिजे. बोर्ड ना मोनानें 2021 च्या जानेवारींत पीट काढणें कायमचें बंद केल्याचें जाहीर केलें, व 2023 च्या अखेरीस एडनडेरी येथील वीजकेंद्रांत पीट जाळणेंही थांबलें. याचें एक कारण हवेंतील कर्बवायु. जगांतील सुमारें तीन टक्के भूमीवरच पीट आहे, तरी सर्व अरण्यांतील झाडांहून अधिक कर्ब त्यांत सांठलेला आहे. दलदल आटली कीं तो वायुरूपानें बाहेर पडतो. बागाईतींतही पीटाच्या ऐवजीं दुसरें द्रव्य वापरावें असा प्रयत्न चालू आहे. नारळाच्या सोडणांतून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा त्यासाठीं आपल्या दक्षिण भारतांतून व लंकेंतून परदेशीं जातो.

मेलेली दलदल पुन्हां जिवंत होते काय? थोडी होते, सर्व नाहीं. क्लारा येथें 1983 च्या सुमारास पीट काढण्याच्या तयारीनें चर खणले गेले होते. पुढें ती दलदल राष्ट्रानें घेतली व 1987 सालीं ती राखीव ठरली. आतां त्या चरांत ठिकठिकाणीं पीटाचेच किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्यांचे बांध घालून पाणी अडविलें आहे. कामकरी लोक रुंद पट्ट्यांच्या हलक्या यंत्रांनीं दलदलीवर जातात, बांध घालतात, आणि मग वर्षांमागून वर्षें नळ्या पुरून पाण्याची पातळी मोजीत राहतात. जेथें तें पृष्ठभागापाशीं येऊन टिकतें, तेथें प्रथम त्या अडविलेल्या चरांतच हिरवें स्फॅग्नम तरंगूं लागतें.